तिनाचे सात

मिलमालक किरीटभाईंनी पोपटी रंगाचा नमुना आणि गडद हिरवं कापडाचं थान कॉम्प्युटर विभाग सांभाळणाऱ्या सोनालीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"बेन, तुमच्या चैतालीला आजच घरी पाठवा. निळा रंग तीन भाग हवा, कागदावर सात! बारा थानं बाद."

सुरतजवळच्या सचिन गावातल्या त्या डाइंग मिलमध्ये रंगांच्या कृती सर्व्हरवर ठेवलेल्या असत. रंगमास्तर बन्सीलाल वहीतले आकडे मोठ्याने वाची, लिंबायतच्या मराठी वस्तीतली चैताली ते टाइप करी, आणि रोज सकाळी त्या दिवसाच्या कृती छापून रंगखात्यात जात. बन्सीलाल पक्का सुरती. 'स'चा 'ह' केल्याशिवाय त्याच्या तोंडून आकडा निघत नसे. सात म्हणजे 'हात', साठ म्हणजे 'हाठ'. पहिल्याच महिन्यात चैतालीने साताचे साठ केले होते. तेव्हापासून काही बिघडलं की सगळ्यांची बोटं तिच्याकडे.

"पण सर्व्हरवर आता तीनच दिसतात," सोनाली म्हणाली.

"म्हणजे गुपचूप सुधारलं! चूक ती चूक, वर लबाडी."

चैताली दारात उभी होती. "ताई, मी हात लावला नाही, आईशप्पथ."

"कुठला हात? बन्सीलालचा?" किरीटभाई फिस्कन हसले.

सोनाली हसली नाही. "बन्सीलालभाई तीनला 'त्रण' म्हणतात. 'त्रण' ऐकून कुणी सात लिहील का? संध्याकाळपर्यंत थांबा."

ती रंगखात्यात गेली आणि तारेला टोचलेले जुने कागद उतरवून आणले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिला एक सवय लागली होती: आकडा चुकला की आधी वजाबाकी करायची. पाच कागद वहीशी जुळत नव्हते. एकाचे पाच, दोनाचे सहा, तिनाचे सात, पुन्हा एकाचे पाच. प्रत्येक वेळी चारच जास्त. पाचव्या कागदावर आठाच्या जागी बाणाच्या टोकासारखी खूण होती. बन्सीलालने ती शाईचा डाग समजून वहीतला आठ घेतला होता.

कानाची चूक अशी नसते. बोटाचीही नसते.

"आतमध्ये आकडा एक, दोन, चार, आठ अशा घरांत लिहिला जातो," ती किरीटभाईंना म्हणाली. "मेमरीच्या एका पट्टीत चाराचं घर कायम भरलेलं राहतंय. फाइल डिस्कवर बरोबर आहे, पण छापताना त्या जागेतून गेली की चार वाढतात. आठात चार मिळवले की एक अंक उरतच नाही, म्हणून तिथे ती बाणाची खूण छापली गेली. आता मी मेमरीत सगळीकडे शून्य लिहिते. एका ठिकाणी चार दिसेल."

"आणि नाही दिसला तर?"

"दिसेल."

पडद्यावर शून्यांच्या रांगा सरकू लागल्या. मग एका रांगेत एकटाच चार. सोनालीने मशीन बंद करून त्या पट्टीची जागा शेजारच्या पट्टीशी बदलली आणि पुन्हा शून्यं लिहिली. चार पट्टीबरोबर नव्या जागी गेला.

किरीटभाई पुढे वाकून पाहत राहिले. "मग इतके दिवस हे बोललं का नाही?"

तो प्रश्न तिलाही पडला होता. प्रत्येक आठ घरांवर एक नववं घर पहारा देतं; हिशेब जुळला नाही की मशीन जागीच थांबतं. तिने सेटिंग उघडली. पहारा बंद होता. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या ललितला तिने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हो ताई, मीच बंद केला," ललित म्हणाला. "दिवाळीच्या सीझनला मशीन सारखं अडायचं. किरीटभाईच म्हणाले, काही पण कर, पण थांबायला नको."

सोनालीने पट्टी काढली, कपाटातली दुसरी बसवली आणि पहारा सुरू केला.

"आता पुन्हा बिघडलं तर ते थांबेल," ती म्हणाली. "तेव्हा ललितला नाही, मला बोलवा."

किरीटभाईंनी हिरवं थान उचलून काखेत मारलं. दारात ते चैतालीपाशी थबकले.

"जा, बन्सीलाल वही घेऊन बसलाय."

चैताली गेली. थोड्या वेळाने पलीकडून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत: "मास्तर, सात की साठ?"

"हात, बेन, हात!"

"मग बोटं दाखवा."