दोन इंचांची मुकादमीण

छापखान्याच्या मालकाने बाराही फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक पाहिले आणि चष्मा काढून पुसायला घेतला. त्याने चष्मा पुसला की मागोमाग नकार येतो, हे आत्याबाईंना नऊ वर्षांच्या ओळखीने पाठ झालं होतं.

"यातला एकही छापण्यासारखा नाही," तो म्हणाला.

"का? बोकडाला शिंगं कमी पडली?"

"शिंगं भरपूर आहेत. ठिपके कमी आहेत."

आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून पंख्याकडे बघत होती.

सून त्यांना आत्याबाई म्हणायची म्हणून गल्ली म्हणू लागली, आणि गल्ली म्हणते म्हणून छापखानाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं त्या टाकून दिलेली जनावरं सांभाळत होत्या. ज्याला कुणी विचारत नाही ते तिथे यायचं आणि आत्याबाईंची बोलणी खाऊन गुबगुबीत व्हायचं. दर वर्षी या मंडळींचं कॅलेंडर निघायचं. महिनाभर एकच तोंड भिंतीवरून बघत राहिलं की कुणीतरी त्याला घरी न्यायला यायचंच. आधीची वर्षं मालक स्वतःचा कॅमेरा घेऊन यायचा. यंदा आत्याबाई म्हणाल्या होत्या, राहू द्या, मला येतं.

कॉम्प्युटरवर बसणारी चष्मेवाली बाई खुर्ची वळवून म्हणाली, "छापताना एका इंचात तीनशे ठिपके बसवावे लागतात, आत्याबाई. तेव्हा केस न् केस दिसतो. आपलं पान बारा इंच रुंद, म्हणजे आडवे छत्तीसशे ठिपके हवेत. तुमच्या फोटोत सहाशे, फार तर सातशे आहेत."

"मग ताण की जरा."

"ताणलं तर धुरकट होणार. कापड तेवढंच आणि झबलं हत्तीचं."

ही बाई आपल्या वळणाची आहे, असं आत्याबाईंना तेव्हाच वाटलं. "फोन तर माझा चांगला आहे," त्या जरा खाली येऊन म्हणाल्या.

"फोटो काढल्यावर काय करता, ते दाखवा बरं."

आत्याबाईंनी मोठ्या ऐटीत दाखवलं. फोटो उघडला, दोन बोटांनी ओढून मोठा केला, मागचं गटार आणि सुनेचं वाळत घातलेलं धुणं कडेबाहेर घालवलं, दोन बटणं एकदम दाबली. खटक. "झाला नवा फोटो. मला कुणी शिकवलेलं नाही हो. माझं मी शिकले."

"स्क्रीनशॉट," सून पुटपुटली.

"हा जनावराचा फोटो नाही झाला," चष्मेवाली म्हणाली, "हा काचेचा फोटो झाला. काचेवर जेवढं दिसत होतं तेवढंच आलं. पहिला काढलेला असेल ना फोनमध्ये?"

वायर जोडली. बोकड आला, लंगडी कुत्री आली, कान फाटलेला बोका आला, एकेक चार-चार हजार ठिपक्यांचा. बोक्याच्या मिशा मोजून घ्याव्यात अशा. एक, दोन, करता करता अकरा झाले.

बारावा मिळेना. बारावी होती मुकादमीण.

मुकादमीण म्हणजे एका डोळ्याची, करड्या रंगाची गाढवीण. शेडमध्ये आलेलं पहिलं जनावर ती, किंबहुना तिच्यासाठीच शेड बांधलं गेलं. फाटकापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. न विचारता जवळ गेलेल्याला लाथ ठरलेली. मालकालाही कॅमेऱ्यासकट बसली होती. आणि दर वर्षी कॅलेंडरातून वगळली जायची तीच. गाढव कोण भिंतीवर लावणार, असं मालक हसत हसत म्हणायचा, गल्लीही हसायची, आणि साऱ्या जगाशी भांडणाऱ्या आत्याबाई इथे मात्र बरं म्हणायच्या. असं आठ वेळा झालं. यंदा त्यांनी फाटकावर तिच्या मानेला हात लावून सांगितलं होतं, या वर्षी तू आहेस. तिचा फोटो काढला त्यानंतर दहा दिवसांनी ती बसली ती उठलीच नाही.

"पुसलेल्या फोटोंची पेटी बघू," चष्मेवाली म्हणाली. पेटी रिकामी होती.

"तीही मीच झाडली," आत्याबाई म्हणाल्या. "एकाच जनावराचे दोन-दोन फोटो कशाला, म्हणून जुना काढून टाकला. आणि केर काढल्यावर घरात ठेवायची सवय नाही मला." एवढं बोलून त्यांनी पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता आलेला.

सून पुढे झाली. "असू दे आत्याबाई. तुम्हाला काय ठाऊक."

"मला ठाऊक नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक झालं. पुढचं बोला."

मालकाला हवी ती वाट सापडली. "माझ्याकडे घोड्याचे तयार फोटो आहेत. दाट आयाळ, मागे समुद्र. एक टाकून देतो."

"कुणाचा घोडा?"

"कुणाचा म्हणजे? घोडा."

"माझ्या शेडमध्ये समुद्र आहे?"

"ऐका हो. इतरांना कुणी न्यायला तरी येईल. ती तर गेली. तिला भिंतीवर लावून काय साधणार?"

"न्या म्हणतंय कोण? बघा म्हणते आहे. आठ वर्षं नाही बघितलंत."

मालकाने पुन्हा चष्मा काढला. तेवढ्यात चष्मेवाली म्हणाली, "हे नवं यंत्र फोटो मोठा करून देतं. नसलेले ठिपके आपल्या मनाने भरतं. बघू या?"

चहा संपेपर्यंत यंत्राने काम केलं. पडदाभर मुकादमीण उभी राहिली, एकेक केस चमकत. सून टाळी वाजवून म्हणाली, "बघा, बघा कशी आली!"

आत्याबाई उठल्या. पडद्याशी गेल्या. काचेवर बोट टेकवलं.

"हा डोळा कुठून आला?"

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डाव्या बाजूला, जिथे एकोणीस वर्षं नुसती मिटलेली खाच होती, तिथे काळाभोर, पाणीदार डोळा होता. त्यात उजेडाचा ठिपकासुद्धा होता. ओझ्याच्या दोरीने मानेवर पडलेला वळही नाहीसा झाला होता.

"यंत्राला वाटलं असणार, डोळा हवा इथे," चष्मेवाली ओशाळून म्हणाली.

"काठीने गेला तो. कोणाच्या काठीने, ते ती विसरली नाही आणि मीही नाही. आता हे यंत्र भरून देतंय होय! पुसून टाका हिला. ही माझी नाही."

"आत्याबाई, मग उरतं काय?" मालकाचा आवाज चढला. "त्या सहाशे ठिपक्यांत काय होणार?"

"तेच विचारते. सहाशे ठिपक्यांत, न ताणता, किती मोठी येईल?"

"न ताणता?" चष्मेवालीने हिशेबही केला नाही. "दोन इंच. पण एकदम स्वच्छ."

"मग दोन इंच छापा."

"बारा इंचांच्या पानावर?" मालक म्हणाला. "बाकीचं पान?"

"कोरं."

"लोक म्हणतील, छापखान्याला काम येत नाही. पानाखाली माझं नाव असतं!"

"मग त्या पानावर माझं घाला. आणि ते पान पहिलं. फाटकावर पहिली तीच असायची."

"गाढव, आणि जानेवारीत?"

"हसून घ्या. मीही हसत होते तुमच्याबरोबर, आठ वर्षं. आता माझं हसून झालं." आत्याबाई खुर्चीत परत बसल्या, आणि त्या अशा बसल्या की उठवायला चार माणसं लागली असती. "छापत नसाल तर अकराही परत करा. गावात छापखाने आहेत."

मालकाने सुनेकडे पाहिलं. सून आता पंख्याकडे बघत नव्हती. "छापा," ती म्हणाली. "नाहीतर हे पान मी घरोघर हाताने चिकटवीन."

"निदान एक ओळ तरी टाकू द्या," मालक कुरकुरला. "फोटोच लहान होता, म्हणून."

"कागद आणा."

आत्याबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. पेन मुठीत धरून, जीभ दातांत घेऊन त्यांनी लिहिलं. अक्षरं फाटकाबाहेरच्या कुत्र्यांसारखी मिळेल तिथे बसली. चष्मेवालीने कागद स्कॅनरवर ठेवला आणि म्हणाली, "याला ठिपके हवे तेवढे."

कॅलेंडर निघालं. पांढऱ्या स्वच्छ पानाच्या मधोमध, काड्यापेटीएवढी, मुकादमीण. एक डोळा उघडा, एक मिटलेला. खाली वाकडी ओळ: ही एवढीच उरली. जवळ या.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आत्याबाई उरलेला गठ्ठा न्यायला छापखान्यात गेल्या. पुढच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. मालक पाठमोरा उभा होता, चष्मा कपाळावर चढवलेला, मागे हात बांधलेले, नाक कागदाला टेकायला आलेलं. पावलं वाजली तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

आत्याबाईंनी त्याला पोटभर बघू दिलं. मग दारातूनच म्हणाल्या,

"मागे सरका जरा. लाथ मारते ती."