वनी

दुकानांवरच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षरबाबा माझ्या चार वर्षांच्या भाच्याचा हात धरून बसले होते, समोर बाराखडीची पाटी. पोराचं बोट झरझर फिरलं. आ. मग ई. लोक डोळे पुसू लागले. माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, तर मटकन खालीच बसली.

"शब्द आत कोंडलेत, माउली. आम्ही फक्त कडी काढतो," बाबा म्हणाले.

कडी काढतात म्हणे. पोरगं वर पंख्याकडे बघत होतं, पाटीकडे बघत होते ते बाबा!

मला खटकलं ते वेगळंच. आमच्या घरात तिला 'आई' कुणी म्हणतच नाही. मी आणि धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणतो, ते ऐकून पोरगं म्हणायचं 'वनी'. पोर स्वमग्न आहे. शिकवणाऱ्या बाईंनी वर्षभर त्याच्याशी खेळून खेळून तो एवढा एक शब्द बाहेर काढला होता. आणि बाबांची पहिली अट काय, तर ते वर्ग बंद करा, ऊर्जा बिघडते.

पुढच्या बैठकीला मी बाईंनाच घेऊन गेले. बाबांना पाठ फिरवायला लावून त्यांनी पोराला चेंडू दाखवला. मग पोराला वळवून, 'त्याला हेच दाखवलं' म्हणत गुपचूप बाबांना चावी दाखवली.

"आता त्याला विचारा, काय पाहिलंस?"

बोट फिरलं. चा. वी.

"त्यानं चेंडू पाहिला होता," बाई म्हणाल्या. "चावी फक्त तुम्ही पाहिलीत. हात तुमचा चालतो, बाबा."

"शंका आली की ऊर्जा जाते," बाबा पुटपुटले. निम्मा हॉल चपला शोधायला लागला.

मी म्हटलं, "वहिनी, उद्यापासून वर्ग सुरू करू. हे शिकायचं वय पुन्हा येत नाही."

"दिसलं मला सगळं," ती म्हणाली. "पण आजवर मला आई कुणी म्हटलंय का, सांगा ना." आणि ती बाबांपुढे जाऊन बसली. "बाबा, पुन्हा विचारा त्याला, मी कोण."

पोरानं तिचं बोट ओढलं. "वनी."

"थांब रे, बघू दे," ती म्हणाली. तिची नजर पाटीवर होती.

कुणी तुमच्या लेकराचा हात धरून त्याला बोलतं करत असेल, तर आधी हात सोडायला सांगा. आणि लेकरू स्वतः काय म्हणतंय, तिकडे कान द्या. आमच्याकडे वर्ग पुन्हा सुरू झालेच नाहीत. आता तो 'वनी'ही म्हणत नाही.