लाल मोज्यातले जर-तर

मी एक मोजा बोलतोय. लोकरीचा, लाल, चांगला गुडघ्यापर्यंत येईल एवढा. पण माझ्यात आजवर कुणाचा पाय गेलेला नाही आणि मला जोडीही नाही. तेव्हा स्वतःला मोजा म्हणवून घ्यायचा मला कितपत हक्क आहे, ते तुम्हीच ठरवा.

मला नागपूरच्या एका नर्सबाईंनी विणलं, लेकीच्या स्वेटरमधून उरलेल्या लोकरीचं. बोटांपाशी लाल लोकर संपली, म्हणून माझं टोक हिरवं आहे. नाताळात मी त्यांच्या खिडकीला लटकायचो. सकाळी त्यांची निर्मला माझ्यात हात घालायची आणि गोळ्या, रिबिनी, कधी एखादं संत्रं बाहेर काढायची. एरवी वर्षभर मी डांबरगोळ्यांच्या वासात ट्रंकेत पडून असायचो. तक्रार नव्हती.

पुढे निर्मला मोठी झाली, शिक्षिका झाली आणि साकोलीजवळच्या एकोडीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली. ही सत्तर सालानंतरच्या दशकातली, दहावीचं मॅट्रिक नवंनवं सुरू झालं तेव्हाची गोष्ट. तिच्या ट्रंकेतून मीही आलो. गाव तिला निर्मलाबाई म्हणू लागलं, मग मीही बाईच म्हणू लागलो.

त्या शाळेत इंग्रजी हा विषय नव्हता, दुखणं होतं. दरवर्षी पोरं धडाधड नापास व्हायची आणि घरचे म्हणायचे, "इंग्रजी राह्यली." एसटीत छत्री राहावी तसं. कुणाला त्याचं वाईटही वाटत नसे. बाईंना मात्र फार वाटायचं.

डिसेंबरात धानाची कापणी आणि चुरणी, म्हणजे मळणी, चाललेली, निम्मा वर्ग शेतावर. पोरांना शाळेकडे ओढून आणायला बाईंनी मला वर्गातल्या खिळ्यावर टांगलं. कुंडीत बोरीची फांदी खोचून तिला नाताळचं झाड केलं. दुपारपर्यंत त्या झाडावर काट्यांशिवाय काही उरलं नाही. मुख्याध्यापक कृष्णराव चौकशीला आले.

"बाई, हे एकच काहून? दुसरं हरपलं का?"

"एकच लागतो, सर. नाताळचा आहे."

"धरमाचं काही नाही ना याच्यात?"

"बोरं आहेत," बाई म्हणाल्या. सरांनी माझ्यात हात घालून मूठभर बोरं काढली आणि खात खात निघून गेले.

खेळ सोपा होता. बाई माझ्यात काहीबाही लपवायच्या: खडू, चिंच, कवडी, गुळाचा खडा. मुलानं हात घालण्याआधी इंग्रजीत बोलायचं, मला खडू मिळाला तर मी माझं नाव लिहीन. मग हात घालायचा. खडू निघाला तर नाव लिहायचंच, गूळ निघाला तर खायचा आणि नवं वाक्य करायचं. "आत काय आहे ते माहीत नसलं पाहिजे," बाई बजावायच्या. "माहीत असलं की खेळ संपला."

दुसरा खेळ साखळीचा. सांताक्लॉज एकोडीला आला तर एसटीनं येईल. एसटीनं आला तर साकोलीला उतरेल. साकोलीला उतरला तर पायी येईल, कारण पुढची गाडी कधी वेळेवर नसते. पायी आला तर त्याला भूक लागेल. भूक लागली तर भात खाईल, भात खाल्ला तर झोपेल, आणि झोपला तर आपल्याला खाऊ कोण देईल? वर्ग हसून लोळायचा. हसता हसता पोरं 'इफ' आणि 'विल' अशी फेकायची की कृष्णराव दारात येऊन ऐकत उभे राहायचे.

एक जर-तर मात्र बाईंनी फळ्यावरच शिकवलं. जे झालं नाही आणि आता कधी होणारही नाही, त्याचं. "याचा खेळ करत नाहीत," त्या म्हणाल्या. "परीक्षेपुरतं पाठ करा."

त्या वर्गात सत्यवती होती, यादोरावची लेक. साखळी तुटायची वेळ आली की सगळे तिच्याकडे बघायचे. तिला शिक्षिका व्हायचं होतं, अगदी बाईंसारखी, पर्स खांद्याला लावून एसटीतून उतरणारी. यादोराव माणूस वाईट नव्हता. त्यानं चार लोकांसमोर सांगितलं होतं, "पोरगी पास झाली त भंडाऱ्याले डी.एड.ले धाडतो. नापास झाली त लगन." गावानंही माना डोलावल्या होत्या. बोलणं सरळ होतं.

जानेवारीत चुरणीच्या कामासाठी सत्यवतीला घरी बसवलं, तेव्हा बाईंनी मला तिच्या हवाली केलं. "घरी खेळ," म्हणाल्या. "कोणाला तरी आत वस्तू टाकायला सांग."

ते काम तिच्या आईनं, गिरजाबाईनं घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण लपवायला काय अक्कल लागते? हळकुंड, लसणाची पाकळी, तुटकी बांगडी, सापडेल ते ती माझ्यात टाकायची. चुलीपुढे सत्यवती माझ्यात हात घालण्याआधी इंग्रजी बोलायची आणि गिरजाबाई तव्यावरची भाकर करपेपर्यंत ऐकत बसायची.

"बरोबर बोलली का वं?"

"हो."

"मले काय समजते! पण बरं वाटते आयकाले," ती म्हणायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. नागपूरच्या नाताळापेक्षाही चांगले.

मार्चात परीक्षा झाली. सत्यवती पेपर देऊन आली ती उड्या मारतच. आणि एप्रिलात एका सकाळी यादोराव लाखांदूरकडच्या एका गावाहून परत आला. पायही न धुता ओसरीवर बसला आणि म्हणाला, "जमवून आलो. धनीराम नाव आहे पोराचं. वावर चांगलं आहे."

गिरजाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "अवो, निकाल कुठी लागला अजून?"

"निकाल जूनात लागते. तवा मुहूर्त कुठी रायते? नापास झाली त तुळशीच्या लग्नापर्यंत घरी बसवून ठेवू का? असं स्थळ थांबते का तोवर?"

"अन् पास झाली त?"

यादोराव हसला. खरंच हसला, रागावला नाही. "इंग्रजीत कोणी पास होते का या गावात? झालीच त पाहू मंग."

मी खुंटीवरून ऐकत होतो. या माणसानं लेक नापास झाली तर काय, याची अगदी चोख व्यवस्था केली होती. ती पास झाली तर काय, याची करायला तो विसरला. आणि गावात एकालाही हे खटकलं नाही. कृष्णराव साक्षगंधाला येऊन जेवून गेले. बाई तेव्हा सुट्टीत नागपूरला होत्या.

सत्यवती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगलं होतं ना?"

"सांगलं होतं. नाही कुठी म्हणतो?" यादोराव म्हणाला. "पण साक्षगंध झाल्यावर कोण मोडते, पोरी? तोंड कसं दाखवू?"

मे महिन्यात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी गिरजाबाईनं मला सत्यवतीच्या ट्रंकेत ठेवलं. माझ्यात तिनं दोडक्याचं बी भरलं होतं, लेकीनं सासरच्या कुडावर लावावं म्हणून. रिकामा मोजा कसा द्यायचा, असं तिला वाटलं असेल. तिच्यापाशी टाकायला दुसरं होतं तरी काय?

जूनमध्ये बाई एसटीनं लाखांदूरला उतरल्या आणि विचारत विचारत सत्यवतीच्या सासरी आल्या. सत्यवतीचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, धानाचे पऱ्हे टाकायचं, रोपांसाठी बी पेरायचं काम चाललेलं.

"पास झालीस," बाई म्हणाल्या.

"इंग्रजीत?"

"इंग्रजीतही. शाळेत सगळ्यात जास्त गुण तुझे."

सत्यवती हसली. मग तिनं पदरानंच हात पुसले आणि विचारलं, "बाई, चाय ठेवू?"

घरात आनंदीआनंद झाला, हे सांगितलंच पाहिजे. सासूनं, चंद्रभागाबाईनं, सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. धनीराम शेजाऱ्यांना सांगत सुटला, "आमची बायको मॅट्रिक पास आहे." बाईंनी डी.एड.चा विषय काढला, तेव्हा तो अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, रोवणा तोंडावर आला. रोवणा झाला की पाहू." रोवणा झाला, सगळं धान लावून झालं. मग कापणी आली, मग पोर झालं, आणि पुढे पाहायचं राहूनच गेलं. त्या दिवशी बाई निघताना माझ्याकडे बघून थबकल्या होत्या. त्यांनी फळ्यावर शिकवलेलं ते जर-तर दोघींनाही पाठ होतं. मला तेव्हा रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला आता दहाएक वर्षं झाली. बाईंची बदली झाली, त्या पुन्हा आल्या नाहीत. मी चुलीवरच्या खुंटीला आहे. धुरानं माझा लाल रंग काळपटला आहे, हिरवं टोक तर ओळखूही येत नाही. माझ्यात अजूनही दोडक्याचं बी असतं. दरवर्षी जुनं पेरलं जातं, नवं भरलं जातं. पहिल्या वर्षी सत्यवतीनं माझ्यात हात घातला तेव्हा तिचे ओठ जरा हलले होते. 'इफ' एवढंच ऐकू आलं. त्यानंतर तेवढंही नाही.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर एक करा. ती वावरात असताना माझ्यात काहीतरी टाकून जा. खडूचा तुकडा चालेल, कवडी चालेल. तिच्या बोटांना एकदा तरी काही अनोळखी लागू द्या.

पण इतक्या दूर कोण येतंय! उद्या बी पेरायचं आहे. ती येईल, मला खुंटीवरून काढील, हात घालील. आत काय आहे ते तिला माहीत आहे. ती काही बोलणार नाही.