भोज्याचा खांब

मी खांब बोलतोय. तुम्ही आधी खाली बसा. मला स्वतःला कधी बसता आलेलं नाही, म्हणून दुसरं कोणी बसलेलं बघितलं की जरा बरं वाटतं. जन्मापासून उभा आहे, आणि खरं सांगायचं तर आता पार कंटाळलोय.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यातला. आम्ही भावंडं पुष्कळ, सगळी एकाच मापाची. तापवलं, ओढलं, वळवलं, कापलं आणि गाडीत टाकलं. नाव ठेवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. नावं ठेवणारे मात्र पुढे ढिगाने भेटले.

पहिली नोकरी बसथांब्यावर. डोक्यावर पाटी, अंगाला पिवळा रंग. लोक यायचे, मला टेकायचे आणि बस जिकडून येते तिकडे मान लांब करून बघत राहायचे. मान लांब केली की बस लवकर येते असं माणसांना का वाटतं, देव जाणे! बस आली की सगळे धावायचे. इतका वेळ ज्याला टेकले त्याला 'येतो रे बाबा' म्हणावं, एवढंही कोणाला सुचायचं नाही.

पुढे रस्ता रुंद झाला, थांबा दुसरीकडे गेला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथे मी आडवा पडलो होतो. आयुष्यात तेवढीच काय ती विश्रांती. पाऊस अंगावर घेत मी निवांत गंजत होतो, तेवढ्यात एक बाई आल्या.

बाईंनी नुकतीच लहान मुलांची शाळा काढली होती. बैठं घर, चार खोल्या, मागे अंगण, आणि अंगणात पत्र्याचं छप्पर. ते मधोमध झुकायला लागलं होतं, त्याला टेकू हवा होता.

"नवा न्या हो बाई," भंगारवाला म्हणाला, "हा म्हातारा झालाय."

"असू दे म्हातारा. पोरांत राहील तर टिकेल."

झालं! पुन्हा उभा. या वेळी हिरवा रंग.

शाळा म्हणजे काय, हे मी आपला ऐकून होतो. इथे तसलं काहीच नव्हतं. एका खोलीत लाकडी ठोकळे, दुसरीत चिकणमाती, तिसरीत खोटं दुकान आणि खोटा दवाखाना. अंगणात वाळू आणि पाण्याचा मोठा टब. चौथ्या खोलीत सतरंज्या. दुपारी लहानगी तिथे झोपतात, निदान सांभाळणाऱ्या मावशी तरी तशी आशा धरून असतात. दुपारनंतर मोठ्या शाळा सुटल्या की तिथली मुलं येतात आणि आईवडील कामावरून परत येईपर्यंत इथेच राहतात. मग जो गोंधळ होतो, तो विचारू नका. मला कान नाहीत तरी कान किटतात.

"बाई, पोरगं रोज ओलं होऊन घरी येतं," एकदा एक वडील तणतणत आले. "तुम्ही शिकवता तरी काय?"

"आज त्याला मोठ्या भांड्यातलं पाणी छोट्यात ओतायचं होतं," बाई म्हणाल्या. "मावेना. दोनदा रडला. मग उठला आणि स्वतःच बादली शोधून आणली."

"म्हणजे खेळलाच ना?"

"हो, खेळलाच."

वडील निरुत्तर झाले असं काही नाही. ते आठवडाभर कुरकुरत होते. पण पोराचे जादा कपडे पिशवीत घालायला लागले.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. पहिल्याच आठवड्यात पुढचे दात पडलेली एक मुलगी पळत पळत आली, माझ्या पोटावर थाडकन थाप मारली आणि किंचाळली, "भोज्या!"

त्या दिवसापासून मी भोज्या. पकडापकडीत ज्याच्यावर राज्य, त्याने इतरांना पकडायचं. पण मला हात लावून जो उभा, त्याला कोणी आऊट करायचं नाही. एवढा साधा नियम. पण त्या नियमापायी मी किती थपडा खाल्ल्या असतील! चिखलाचे हात, केळ्याचे हात, नाक पुसलेले हात. प्रेमाची असली तरी थप्पड ती थप्पडच. रंग गेला, बुंध्याशी गंज चढला. आणि मोठी माणसं तर खेळात नसूनही भोज्याला शिवल्यासारखी येतात; एका कानाला फोन, दुसऱ्या हातात पोराचं दप्तर, आली तशी गेली.

अशातच एके दिवशी लिंबू आली. खरं नाव वेगळं, पण ते बाईंच्या हजेरीतच राहिलं. ही चार वर्षांची. आई नर्स, वडील नोकरीसाठी दूरच्या गावी, म्हणून ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच. मोठी मुलं तिला खेळात घेईनात. शेवटी बाई म्हणाल्या, "घ्या रे तिला, कच्चं लिंबू म्हणून." कच्चं लिंबू म्हणजे खेळायचं सगळ्यांबरोबर, पण कोणी पकडलं तरी आऊट नाही आणि राज्यही नाही. महिनाभर ती खूश होती. मग कोणीतरी तिला पकडलं आणि न पकडल्यासारखं सोडून दिलं, तेव्हा तिचा पारा चढला.

"मी कच्ची नाहीये! मला राज्य द्या!"

"मोठी झालीस की देऊ," मुलं म्हणाली. ती माझ्यापाशी येऊन फुरंगटून उभी राहिली.

तिला न्यायला तिचे आबा यायचे, आईचे वडील. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. आले की पाय फाकवून उभे राहायचे आणि एका हाताने मला घट्ट धरायचे, जमीन हलत असल्यासारखे. मी ती पकड लगेच ओळखली. थपडांच्या गर्दीत धरणारा हा एकच हात होता, खोटं कशाला बोलू, मला आवडायचा. मुलं रांगेत ठोकळे मांडून बस करायची आणि आबा वाळलेल्या पानांची तिकिटं फाडायचे. "चला, पुढे सरका, पुढची बस रिकामी नाही!" मुलं हसून लोळायची.

मग आबा विसरायला लागले. आधी छत्री. मग एकदा लिंबूचं दप्तर खांद्याला लावून निघाले आणि लिंबूच इथे राहिली. फाटकातून परत आले तेव्हा ती मावशींना म्हणाली, "आबा गंमत करतात." एकदा तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, तीही तिने 'ओ' देऊन निभावली. चार वर्षांची पोर, पण कसली सांभाळून घ्यायची!

का सांभाळून घेत होती, ते तिने मला सांगितलं. मुलं मला सगळं सांगतात, मी कुठे बोलणार असं त्यांना वाटतं. माझ्या गंजलेल्या बुंध्याशी बसून, काडीने पोपडे काढत ती म्हणाली, "आई मामाला फोनवर म्हणाली, आबांना असंच होत राहिलं तर तिकडे ठेवावं लागेल. तिकडे सगळे आजोबाच असतात. मी नसणार." मग म्हणाली, "मी आईला सांगणारच नाही."

त्याच संध्याकाळी आबा आले आणि फाटकापाशी घुटमळले. मावशींना विचारलं, "ही बस कुठे जाते हो?" लिंबूने धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना माझ्यापर्यंत ओढत आणलं.

"आबा, काही आठवलं नाही ना, की भोज्याला धरायचं. मग कोणी आऊट नाही करत. मी येते तुम्हाला घ्यायला."

"धरून ठेवायचं?"

"सोडायचं नाही."

"बरं बाई," आबा म्हणाले.

मावशींनी हे बाईंच्या कानावर घातलं. बाई आईशी बोलणार होत्या, सोमवारी. त्याआधी रविवार आला.

रविवार माझा हक्काचा. कोणी येत नाही, कोणी मारत नाही. भर दुपारी फाटकाची कडी वाजली. आबा आत आले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, गळ्यात लिंबूची पाण्याची बाटली. दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. खिडकीला हात लावून आत बघितलं. मग अंगणाच्या मधोमध येऊन ते चहूकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी पुन्हा बघू इच्छित नाही. म्हातारं माणूस असं घाबरलेलं बघवत नाही हो.

माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. अहो, आज सुट्टी आहे! घरी जा! पोर घरीच आहे! पण मी लोखंडाचा, मी कसला बोलतोय. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते आले, पाय फाकवले आणि मला धरलं. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी.

सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला. बुंध्याशी काहीतरी करकरलं. अरे, आज नको, मी स्वतःला म्हटलं, उद्या पड, परवा पड, पण आज नको. सावली माझ्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली तरी ते तसेच उभे होते. मधूनच पुटपुटायचे, "सोडायचं नाही."

मग फाटक धाडकन उघडलं. पुढे लिंबू, मागे ड्यूटीवरच्या पांढऱ्या कपड्यात तिची आई, आणि किल्ल्या घेऊन बाई.

"सांगत होते ना, भोज्यापाशी असतील! कोणी ऐकतच नाही माझं!" लिंबूने येऊन मला थाप मारली, नेहमीपेक्षा जोरात. लागली, पण त्या दिवशी मी काही म्हटलं नाही.

"बाबा, अहो शेजारच्या काकूंचा फोन आला आणि मी हातातलं टाकून आले," आई म्हणाली. "सगळीकडे शोधलं तुम्हाला. बाबा, असं कसं..."

"अगं, पोर सुटली नाही अजून," आबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "मी थांबलोय ना."

आई पायरीवर बसली आणि रडली. "आता मी काय करू बाई? एकटं घरी ठेवता येत नाही. कामावर नेता येत नाही. दादा म्हणतो, तिकडे ठेवू. पण तिकडे गेले की हे आठवड्यात खचतील."

लिंबूने आबांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

"सकाळी बाबांनाही हिच्याबरोबर इथे सोड," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी तूच ये आणि दोघांना नेत जा."

"बाई, ही लहान मुलांची शाळा आहे!"

"मग? त्यांना काही शिकवायचंय थोडंच? खेळू देत."

"हे वाढत जाणार आहे बाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"वाढलं की बघू. जमतंय तोवर जमवू."

सोमवारी आबा सकाळी लिंबूबरोबर आले. दुपारी पकडापकडी सुरू झाली आणि मुलांत भांडण जुंपलं. आबांना घ्यायचं की नाही? त्यांना पळता येत नाही. त्यांच्यावर राज्य आलं तर खेळच बंद पडेल.

"आबा कच्चं लिंबू," लिंबू म्हणाली.

"पण कच्चं लिंबू तर तू आहेस," दात पडलेल्यांपैकी एक जण म्हणाला. "दोन दोन नसतात."

लिंबूने एकदा आबांकडे बघितलं. मग छाती पुढे काढून म्हणाली, "मी आता नाही. माझ्यावर राज्य."

त्या दुपारी ती जीव खाऊन धावली आणि आबा सोडले तर एकालाही पकडू शकली नाही. रडकुंडीला आली, पण राज्य सोडलं नाही. आबा चार पावलं पळायचे, मग तिच्याच हाती लागायचे, आणि सगळी मुलं एका सुरात ओरडायची, "आबा आऊट नाहीत!" आबा हसत येऊन मला धरायचे. हसतानाच त्यांचे डोळे भरले होते. त्यांना किती कळत होतं, मला ठाऊक नाही.

याला आता बरेच दिवस झाले. आबांना कधीकधी लिंबूचं नाव आठवत नाही. तिला मात्र आता दुसऱ्यांना पकडता यायला लागलंय, आणि ती फार जोरात पळते. संध्याकाळी आई येते आणि एका हाताला पोर, दुसऱ्या हाताला बाप धरून घरी नेते.

परवा एक कारागीर आला. त्याने माझ्या बुंध्यावर हातोडी ठोकून बघितली आणि मान हलवली. "आतून गेलाय. येत्या सुट्टीत बदलून टाकू." ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी इतका दमलोय की आधी बरंच वाटलं. पुन्हा आडवं पडायला मिळेल.

फक्त बाई, एक ऐका. नवा खांब आणाल तो याच जागी रोवा. वीतभरही इकडेतिकडे नको, आणि रंग हिरवाच द्या. आबांना आता बाकी काही आठवो न आठवो, त्यांचा हात न बघता बरोबर इथे येतो. उद्या तो हात पुढे येईल आणि इथे धरायला काही नसेल, असं होऊ देऊ नका.