दफनवहीचं मागचं पान

मी दफनवही बोलतेय. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहानशा गावाच्या नगर कार्यालयात माझी अठ्ठ्याण्णव वर्षं गेली. गावात कोण कुठे पुरलंय, ते मला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे.

माझा कारकून वसिल. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाची नोंद करायची नाही, असा तेव्हाचा नियम. वसिल काय करायचा? पान उलटायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नाव, रांग, जागा लिहून ठेवायचा. "पुढची बाजू नियमाची, मागची माझी," म्हणायचा.

मार्ताचा पेट्रो असाच माझ्याकडे आला. एका दिवसाचं पोर. मार्ता दवाखान्यात तापाने फणफणलेली, त्याला मूठमाती द्यायलाही नव्हती. लाकडी क्रूस कुजला, त्या कोपऱ्यात नुसतं गवत उरलं. ईस्टरनंतर कबरींना आशीर्वाद द्यायचा दिवस आला की ती यायची. त्या गवतात तिला नेमकी जागा कधीच ओळखू येत नसे; वसिल मला उघडायचा, रांगा मोजायचा आणि तिला जागेपर्यंत नेऊन सोडायचा.

वसिल गेला. यंदा कार्यालय कागदमुक्त झालं. नवी कारकून केल्सी, पोरगी कामसू, वाईट नाही हो! पण मागची बाजू कोरीच असणार असं समजून तिने माझ्या फक्त पुढच्या बाजू स्कॅन केल्या. मग मला खोक्यात घालून सील ठोकलं.

आज सकाळी मार्ता आली. ब्याऐंशी वर्षांची. पेट्रोच्या जागी दगड बसवायचाय म्हणाली.

"आजी, संगणकात असं मूलच नाही. नोंद नसेल तर परवानगी कशी देऊ?"

"अगं, वहीत मागल्या बाजूला बघ! पेन्सिलीनं लिहिलंय."

"सगळं चढवलंय आजी. तुमचीच काहीतरी गल्लत होतेय."

"माझी गल्लत? मी जन्म दिलाय त्याला, बाई!"

केल्सीने दाराशी रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "खोकी सील झालीत. उघडायला कौन्सिलचा ठराव लागतो, आणि रद्दीची गाडी तर आजच येतेय."

मार्ता बूट चढवायला दाराशी टेकली, ती नेमकी माझ्याच खोक्यावर. रडत होती. मी आतून जीव तोडून ओरडले. वहीचं कोण ऐकतं?

आता मी गाडीत आहे. कारखान्यात माझ्या चिंध्या होतील. माझं सोडा, माझं वय झालं. पण तुम्ही तिकडे गेलात, तर माझ्या मार्ताला एवढं सांगाल का? सातवी रांग, उत्तरेच्या कुंपणाकडून चौथी जागा. तिचा पेट्रो तिथे आहे.