माझ्या तळाचा मासा

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कुंडी आहे, आणि हल्ली माझ्यात पाण्याचा थेंबही नसतो. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरावर, एका गावच्या चर्चमध्ये मी दाराशीच उभी आहे. पूर्वी येणारा प्रत्येक जण माझ्यातल्या पवित्र पाण्यात बोटे बुडवी, कपाळाला-छातीला लावून क्रूसाची खूण करी आणि मगच आत जाई.

नेंचो नावाच्या पाथरवटाने मला करड्या दगडातून घडवले. काठावरची पानेफुले पाहून गाव खूश झाले. पण त्याने माझ्या तळाशी एक मासाही कोरला होता. पहिल्यांदा पाणी भरले त्याच दिवशी पाद्री बिंदो खवळले.

"नेंचो, हे देवाचं घर आहे की मासळीबाजार? आणि पाण्याखाली तो दिसणार कुणाला? तासून टाक!"

"फादर, दिसला नाही तरी हाताला लागेल की."

"तोंड नको चालवूस. छिन्नी चालव!"

नेंचोने छिन्नी उचलली. मी फार घाबरले. तो मासा माझ्या पोटचा होता हो!

तेवढ्यात बिंदोंची आई फिओर्दालिझा भिंत चाचपत आली. तिची दृष्टी गेली होती. तिने पाण्यात हात घातला, दचकली आणि खुदकन हसली.

"अगंबाई, मासा! कुणी रे केला?"

"काढून टाकतोय, आई."

"काढ बरं, बघतेच मी! रोज खांब नि माणसं चाचपत येते. आता हा बोटांना लागला की कळेल, पोचले बाई. आणि तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो. गप्प तरी बसतो!"

बिंदोंचे कान लाल झाले. नेंचोने छिन्नी पिशवीत टाकली.

पुढे कितीतरी पिढ्या आयांनी लेकरांना उचलून माझ्यावर धरले. "बघ, सापडतो का!" त्या इवल्या बोटांनी माशाचे खवले गेले, शेपटीही झिजली. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

मग पुरातत्त्वाची तज्ज्ञ मंडळी आली आणि झिजलेला मासा पाहून हळहळली. पाणी काढले, दोरी बांधली, 'हात लावू नका' अशी पाटी लावली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. नाहीतर मासा उरलाच नसता. पण आता लोक दुरूनच माझ्या काठाचे फोटो काढतात. आत मासा आहे, हे मुलांना ठाऊकच नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण जपता जपता त्यांना परके करू नका.

शनिवारी झाडलोट करायला ऑर्नेल्ला येते. लहानपणी आईच्या कडेवरून तिनेही मासा शोधला होता. आधी ती पाटी स्वच्छ पुसते. मग इकडेतिकडे बघते, दोरीवरून हात घालते आणि तळाशी बोट टेकवून विचारते, "आहेस ना रे?"

त्या एका बोटापुरती मी अजून कुंडी आहे. एरवी नुसता दगड.