तिसावा तास

"एकोणतीस लिहा," अर्ध्याबाई म्हणाल्या.

प्रशिक्षण कक्षाच्या कारकुनाने पडद्यावर बोट ठेवलं. "बाई, इथे तीस दिसतायत. तीस तास भरले की लायसन्स नवं. पाच वाजता खिडकी बंद. सही करा आणि मला जेवू द्या."

"तिसाव्या तासाला मी झोपले होते."

"अहो, त्या व्याख्यानाला सगळेच झोपले होते. बोलणारे साहेबसुद्धा मधूनमधून."

बाई इस्पितळाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात एकतीस वर्षं तंत्रज्ञ. रुग्णाला किरणोत्सारी औषध टोचायचं, कॅमेऱ्याखाली झोपवायचं, हाडांची, हृदयाची चित्रं काढायची. ते औषध दर सहा तासांनी निम्मं होतं आणि बाईंचा रागही त्याच बेताने उतरतो, म्हणून 'अर्ध्याबाई' हे नाव. घरी नवरा सकाळच्या भांडणाचा विषय दुपार उलटल्याशिवाय काढत नाही. विभागात तर सांगतात, की किरणोत्साराचं मोजयंत्र बाईंच्या तोंडाकडे बघून आपला आकडा दुरुस्त करतं. यातलं निम्मं खोटं धरलं तरी पुष्कळ उरतं.

"व्याख्यान अंगावर पाजणाऱ्या आयांबद्दल होतं," बाई म्हणाल्या. "औषध टोचल्यावर किती वेळ पाजायचं नाही, त्याचे नवे नियम. उद्या एखादीने विचारलं तर काय सांगू, डुलकी लागली होती?"

कारकुनाने सुस्कारा टाकून तास खोडला. बाईंनी व्याख्यानाचं रेकॉर्डिंग लावून घेतलं, झोप नको म्हणून उभ्याने ऐकलं, टिपणं काढली. पण रेकॉर्डिंगचा तास धरत नाहीत. आज तिसावा भरला नाही, तर उद्यापासून कॅमेऱ्याला हात लावायची सोय नव्हती.

पावणेचारला नव्या मुलींची तालीम होती: औषध सांडलं तर काय करायचं. तीत उत्तीर्ण झालं की एक तास धरत. शिकवायला बाईंचीच जुनी शिष्या. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"बाई, तुम्ही इथे? मला घाम फुटेल."

"फुटू दे. पुसायचं कसं ते शिकवलंय तुला."

जमिनीवर रंगीत पाणी ओतलं गेलं. बाईंनी हातमोजे चढवले, कागद टाकला, कडेकडून मध्याकडे पुसत आल्या, सगळं पिशवीत बंद केलं, मोजयंत्राने हात तपासले. मुली पापणी न हलवता बघत होत्या. मग बाई तोऱ्यात सांडलेल्या जागेभोवतीची पिवळी पट्टी ओलांडून बाहेर आल्या.

"बाई," शिष्येचा आवाज एवढासा झाला. "बुटांचे तळ तपासले नाहीत."

मुलींनी माना खाली घातल्या.

"मग?"

शिष्येने पट्टीच्या आत बोट दाखवलं. "नापास. पुन्हा पहिल्यापासून."

चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बाईंच्या कपाळावर आठी चढली. एरवी सहा तासांनी निम्मी व्हायची, ती सहा सेकंदांत पुरती विरली. पट्टीपाशी मोठे डॉक्टर आले तरी अडवायचं, हे हिला बाईंनीच बजावलं होतं. पोरीने तर थेट बाईंनाच अडवलं.

"ओत पाणी," त्या म्हणाल्या.

या खेपेला पट्टीपाशी त्या शिष्येचा खांदा धरून एका पायावर उभ्या राहिल्या, मग दुसऱ्यावर. मोजयंत्र दोन्ही तळांखालून सावकाश फिरलं.

पाच वाजायला सात मिनिटं होती. शिष्येने प्रमाणपत्रावर घाईघाईने 'उत्तीर्ण' लिहिलं.

"'दुसऱ्या प्रयत्नात' हेही लिही," बाई म्हणाल्या. "आणि खाली तुझी सही. पूर्ण नावाने."

आणि तो कागद सगळ्यांना वाचता येईल असा उघडा धरून त्या खिडकीकडे निघाल्या.